मोटेच्या चालीचा कॅमेरा: विहिरीच्या फिल्मच्या नोंदी

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

मॉडेल एकदाचं तयार झालं. जानेवारीत दोन सकाळी मिळून काढलेल्या ६४० फोटोंमधून आमच्या भावकीची चिरेबंदी विहीर आता एक कोटी वीस लाख त्रिकोणांच्या जाळीत उतरली आहे. चौकोनी तोंड, २७ पायऱ्या, मधे एक वळण, वळणावर कमान, काठावर समोरासमोर दोन थारोळी (मोटेचं पाणी जिथं पडतं ते दगडी हौद). पायऱ्यांवर दोन ठिकाणी एक मीटरची पट्टी ठेवून फोटो घेतले होते, म्हणून माप पक्कं आहे. काठापासून पाण्यापर्यंत ९.४ मीटर, अर्थात जानेवारीतलं पाणी.

काम असं: पाडव्याला, ३० मार्चला, देवळापुढं पंचांगवाचन आटोपलं की पडद्यावर अडीच मिनिटांची फिल्म दाखवायची. ताईनं (चुलतबहीण, गावच्या शाळेत शिकवते, प्रोजेक्टर तिच्याच कृपेनं) विचारलंच, "विहीर गावात असताना ती पडद्यावर कशाला बघायची?" तिला म्हटलं, विहिरीच्या दाराला कुलूप लागून वीस वर्षं झाली. खालच्या पायऱ्या निखळल्यात, पोरांना कुणी आत सोडत नाही. तुझ्या वर्गातल्या एकानं तरी ती कमान पाहिली असेल का? यावर ती काही बोलली नाही, पण प्रोजेक्टर मिळाला.

आज फक्त क्लाउडकम्पेअर उघडून मॉडेल सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. तासभर. काम म्हणून नव्हे, बरं वाटलं म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिला प्रयत्न क्लाउडकम्पेअरमध्येच. हे सॉफ्टवेअर मुळात बिंदूंचे ढग पाहायला आणि मोजायला केलेलं, पण त्यात ॲनिमेशनचा एक साधा प्लगइन आहे. पद्धत सोपी आहे. मॉडेल हवं तसं फिरवायचं, ते दृश्य 'व्ह्यूपोर्ट' म्हणून जपून ठेवायचं, पुढं जायचं, पुन्हा जपायचं. डावीकडच्या यादीत व्ह्यूपोर्ट एकाखाली एक जमतात. ते सगळे निवडून प्लगइन चालू केला की एकापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास तो स्वतः भरून काढतो. आपण मुक्काम सांगायचे, वाट त्याची.

नऊ व्ह्यूपोर्ट केले. प्रत्येक टप्प्याला दोन सेकंद दिले आणि प्रिव्ह्यू लावला. चौथ्या टप्प्यावर कॅमेरा सरळ भिंतीत घुसला. एक क्षण दगडाची आतली बाजू दिसली, म्हणजे काहीच नाही, फाटक्या कागदासारखी पोकळी, आणि मग कमानीपाशी बाहेर.

कारण उघड आहे. तिसरा मुक्काम पायऱ्यांवर, चौथा कमानीखाली, आणि मधे काटकोनात वळण. दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता सरळ रेषा, हे सॉफ्टवेअरला कळतं. मधे भिंत आहे, हे त्याला कुणी सांगितलंय? वळणावर आणखी दोन व्ह्यूपोर्ट घातले, एक वळायच्या आधीचा आणि एक वळून झाल्यावरचा. भिंत सुटली.

दुसरा दोष जास्त त्रासदायक. पहिल्या टप्प्यात कॅमेरा पळत सुटतो, वळणावर गोगलगाय होतो, मग पुन्हा पळतो. मोजून पाहिलं. पहिल्या दोन मुक्कामांत अंतर साडेसहा मीटर, वळणावरच्या दोन मुक्कामांत ८० सेंटिमीटर, आणि दोन्हीला वेळ दोन सेकंद. म्हणजे पहिल्यात वेग सेकंदाला सव्वातीन मीटर. पायऱ्यांवर या वेगानं उतरणारा माणूस खाली पोचतो, पण पायांवर नाही. मग प्रत्येक टप्प्याचं अंतर मोजून त्याला ०.६ नं भागलं आणि तो वेळ दिला: साडेसहा मीटरला जवळपास ११ सेकंद, ८० सेंटिमीटरला १.३ सेकंद. लगेच फरक पडला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल रात्रीचा व्हिडिओ सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहिला. चाल बरी आहे, पण प्रत्येक मुक्कामावर कॅमेरा कोपरा मोडल्यासारखा वळतो. मार्ग गुळगुळीत करण्याची सोय आहे, ती लावली, तर तो वळणावर कोपरे कापू लागला आणि कमानीच्या दगडाला पुन्हा घासला. इथून पुढं हत्यार बदलायला हवं. आराखडा म्हणून क्लाउडकम्पेअरचा व्हिडिओ ठेवतो, खरं काम ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये.

ऑफिसचं काम आहे, उद्यापासून रात्री दहानंतरच.

२६ फेब्रुवारी, बुधवार (महाशिवरात्र, सुट्टी)

मॉडेल १८ लाख त्रिकोणांवर आणून ब्लेंडर ४.२ मध्ये घेतलं, आणि विहीर आडवी पडली. अक्षरशः. काठ उजवीकडे, पाणी डावीकडे. विहिरीचा बोगदा झाला. ओबीजे फाइल घेताना ब्लेंडर 'वरची दिशा वाय' असं धरून चालतो, आणि माझी फाइल झेड वर धरून निघालेली होती. आयात करताना दिशा बदलली की प्रश्न मिटतो. पण त्या आडव्या विहिरीत मी पाच मिनिटं फिरलो, कारण बोगदा म्हणूनही ती देखणी होती.

कॅमेऱ्याची लेन्स मुळात ५० मिलिमीटर असते. ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर आडवा कोन ३९.६ अंश भरतो. अरुंद पायऱ्यांत हा कोन म्हणजे घोड्याची झापडं. १८ वर गेलो, कोन ९० अंश. सगळं दिसतं, पण कडेचे चिरे ताणले जातात आणि विहीर आहे त्याच्या दुप्पट मोठी भासते. गावातली माणसं पडद्यावर बघून म्हणतील, ही आपली नव्हे. शेवटी २४ वर स्थिरावलो, कोन ७३.७ अंश. डोळ्याची उंची पायरीपासून १.६ मीटर.

१ मार्च, शनिवार

चालत जाऊन रेकॉर्ड करून पाहिलं. ब्लेंडरमध्ये 'वॉक' नावाची सोय आहे, खेळातल्यासारखी: बाणांच्या कळांनी चालायचं, माउसनं मान वळवायची, गुरुत्वाकर्षण चालू केलं की पायऱ्यांवरून आपोआप खाली. टाइमलाइन चालू ठेवून 'ऑटो की' लावली की चाललेला प्रत्येक क्षण 'की' होऊन बसतो, म्हणजे त्या क्षणाची कॅमेऱ्याची जागा आणि रोख नोंदला जातो.

सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं), म्हणून ३० सेकंदांत ९०० की. आणि काय दिसतं? मोबाइल हातात धरून पायऱ्या उतरणाऱ्या पोराचा व्हिडिओ. प्रत्येक पायरीला दचका, माउस जरा हलला की भिंतीकडे नजर. ग्राफ एडिटरमध्ये (हालचाल रेषांत दाखवणारी खिडकी) झेडची, म्हणजे उंचीची, रेषा करवतीच्या दातांसारखी. 'डेसिमेट' लावून की कमी केल्या, १२० राहिल्या, दात बोथट झाले पण गेले नाहीत.

सगळं पुसलं. रेकॉर्डिंग वाया गेलं असं मात्र नाही. कुठं थांबलो, कुठं आपसूक मान वर गेली, ते त्यातून कळलं. कमानीपाशी मी तीनही वेळा थांबलो होतो, ठरवलेलं नसताना.

२ मार्च, रविवार

हातानं की द्यायला बसलो. कॅमेऱ्यातून पाहायचं, 'लॉक कॅमेरा टू व्ह्यू' चालू करायचं, म्हणजे नजर फिरवली की कॅमेराच फिरतो. मग आय दाबून जागा आणि रोख नोंदवायचा. दुपारपर्यंत ४१ की झाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांतल्या १९ काढून टाकल्या. की जितक्या जास्त, तितका कॅमेरा घाबरट. दोन कींच्या मधे त्याला मोकळं सोडलं की चाल सुटसुटीत होते.

काठावरून खाली पाहण्याचा एक शॉट हवा होता. पाण्याच्या मध्यावर एक रिकामी खूण ठेवली आणि कॅमेऱ्याला 'ट्रॅक टू' लावलं, म्हणजे कॅमेरा कुठंही गेला तरी त्याची नजर त्या खुणेवर. एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे, विहिरीच्या बरोबर मधून वरून जायचं. मध्यावर आला आणि गरकन १८० अंश फिरला. पाणी एकदम उलटं. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच.

खूण कॅमेऱ्याच्या थेट पायाखाली आली की 'वर' कुठं आहे हे त्याला ठरवता येत नाही. सरळ खाली पाहणाऱ्याला उत्तर-दक्षिण कुठली, हाच प्रश्न. एक क्षण आधी त्याचं डोकं एका बाजूला होतं, एक क्षण नंतर हिशोबानं ते दुसऱ्या बाजूला यायला हवं, आणि तो प्रामाणिकपणे तसं करतो. कॅमेऱ्याची वाट खुणेच्या डोक्यावरून न नेता अर्धा मीटर बाजूनं नेली. गरकणं गेलं, पण एक सावकाश वळसा उरला, तो खटकतो.

५ मार्च, बुधवार

'ट्रॅक टू' काढून नजर थेट कींमध्ये उतरवली, तर नवीनच भानगड. एका कीवर कोन १७८ अंश, पुढच्यावर उणे १७९. माणसाला कळतं की हा तीन अंशांचा फरक आहे. संगणक मात्र १७८ वरून शून्यातून जाऊन उणे १७९ वर पोचतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण गिरकी. ग्राफ एडिटरमध्ये यासाठी गाळणी आहे, 'डिस्कंटिन्युइटी फिल्टर'. ती लावली की उणे १७९ चे १८१ होतात आणि रेषा जुळते.

क्वाटर्नियनवर (रोख चार आकड्यांत मांडायची पद्धत) गेलं तर असल्या गिरक्यांची कटकट कमी. गणितज्ञ हॅमिल्टन यांना १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमधल्या एका पुलाजवळून जाताना ते सूत्र सुचलं आणि त्यांनी तिथंच पुलाच्या दगडावर कोरलं, ही गोष्ट मला आवडते. पण ग्राफ एडिटरमध्ये त्याच्या चार रेषा दिसतात आणि त्यातली कुठली ओढली की मान वळेल हे मला आजवर कळलेलं नाही. मी आपला तीन कोनांवरच बरा. गाळणी आहे.

८ मार्च, शनिवार

काकांना दाखवायला गावी आलो. काका ७८ वर्षांचे, घरात मोट हाकलेले तेच एक उरलेत. लॅपटॉप ओसरीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, सगळं शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ह्ये कोण बघतंय?"

मला कळलं नाही. म्हटलं, कॅमेरा.

"कॅमेरा न्हवं. आधी बघणारा जिन्यावर हुता. मग येकदम वर गेला. मग खाली आला पान्यापाशी. मानूस हाय का घार हाय?"

खरं तर मी एकच कॅमेरा सगळीकडून फिरवून आणला होता, कारण तसं करता येतं. पायऱ्या उतरून कमान, कमानीतून पाण्यावर, पाण्यावरून सरळ वर हवेत, तिथून गिरकी घेऊन काठ. एकसंध, न तोडता. मला त्याचाच अभिमान होता.

रात्री ओसरीवरच बसून फाइल फोडली. आता तीन कॅमेरे: 'माणूस' पायऱ्या उतरतो आणि पाण्यापाशी थांबतो. 'घार' वरून पाहते. तिसऱ्याला अजून नाव नाही. टाइमलाइनवर खुणा ठेवून प्रत्येक खुणेला एकेक कॅमेरा बांधला, की त्या फ्रेमवर नजर आपोआप बदलते. मधला भिंतीतून, हवेतून जाण्याचा सगळा प्रवास गेला. ३४ सेकंद वाचले.

९ मार्च, रविवार

परतताना साताऱ्याजवळच्या लिंबला वळलो. बारा मोटांची विहीर यापूर्वी तीनदा पाहिली आहे, पण आज घड्याळ घेऊन उतरलो. ती १७१९ ते १७२४ या काळातली, छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीतली. बांधवून घेणाऱ्या विरूबाई भोसले. आमच्या विहिरीशी तुलना करणं म्हणजे वाड्याशेजारी गोठा, पण उतरण्याचं तंत्र तेच. पायऱ्या, दार, मग अंधार, मग एकदम खुलं आकाश आणि खोल पाणी.

मी बाजूला थांबून उतरणाऱ्यांकडे पाहिलं. दारापाशी प्रत्येक जण मंद होतो. काही जण मान खाली घालतात, काही भिंतीला हात लावतात. उन्हातून आत आलं की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो, पाय आधीच ते ओळखतात. पार झालं की पहिली नजर खाली पाण्याकडे नाही, वर आकाशाकडे जाते. सात जणांपैकी पाच जण वर पाहत होते.

घरी येऊन 'माणूस' कॅमेऱ्याला कमानीच्या दोन पावलं अलीकडे वेग अर्ध्यावर आणला. आत शिरताना एक्स्पोजरला की देऊन चित्र जरा अंधारं केलं आणि पुढच्या तीन सेकंदांत हळूहळू उजळलं. आणि कमानीतून बाहेर येताच मान आधी वर, मग खाली.

११ मार्च, मंगळवार

कमानीपाशी दोन सेकंदांचा थांबा हवा होता. डोप शीटमध्ये (सगळ्या की वेळेनुसार मांडलेला तक्ता) कमानीच्या फ्रेमवर जाऊन पुढच्या सगळ्या की एका कळीत निवडल्या (चौकोनी कंसाची कळ, हे कळायला मला दोन वर्षं लागली) आणि ६० फ्रेम पुढं सरकवल्या. रिकाम्या जागेच्या शेवटी तीच की पुन्हा ठेवली. दोन की तंतोतंत सारख्या, म्हणजे मधे कॅमेरा स्थिर राहायला हवा.

राहिला नाही. थांब्यावर ब्रेक न लागलेल्या एसटीसारखा तो जरा पुढं सरकला आणि मग मागं आला.

ग्राफ पाहिला. दोन्ही की एकाच उंचीवर, पण मधली रेषा सपाट नाही, कुबड आलंय. कीला दोन बाजूंना दांड्या असतात, त्यांवरून रेषेचा बाक ठरतो. माझ्या दांड्या 'ऑटोमॅटिक' प्रकारच्या होत्या. त्या आधीच्या आणि नंतरच्या कीकडे पाहून तिरक्या होतात, म्हणून रेषा उडी मारून पलीकडे जाते. सगळ्या 'ऑटो क्लॅम्प्ड' केल्या. कुबड सपाट झालं.

१४ मार्च, शुक्रवार (धुळवड)

दुपारपर्यंत रंग, संध्याकाळी पॅनिंग.

काठावरच्या शॉटमध्ये नजर एका थारोळ्यापासून दुसऱ्याकडे वळते, ९० अंश. मी दोन सेकंद दिले होते. चित्र फडफडतं, चिऱ्यांच्या सांध्यांच्या दुहेरी रेषा दिसतात. छायाचित्रणवाल्यांचा जुना ठोकताळा आहे: चौकटीच्या एका कडेला शिरलेली वस्तू दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद लागावेत. माझी चौकट ७३.७ अंशांची, सातनं भागलं की सेकंदाला साडेदहा अंश. ९० अंशांना साडेआठ सेकंद. दोन कुठं आणि साडेआठ कुठं. पण एवढा वेळ त्या शॉटला द्यायचा का? नाही. वळण ४० अंशांवर आणलं, चार सेकंदांत. दुसरं थारोळं पुढच्या शॉटमध्ये येईल.

१५ मार्च, शनिवार

पुन्हा गावी, पुन्हा ओसरी. तिसऱ्या कॅमेऱ्याला नाव मिळालं: 'मोट'.

पाण्यापासून सरळ वर थारोळ्यापर्यंत येणारा शॉट काकांना दाखवला. सुरुवातीला अलगद, मधे वेग, शेवटी पुन्हा अलगद थांबणारा. मला तो सगळ्यांत गोड वाटत होता.

काकांनी मान हलवली. "मोट काय देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी थांबती व्हय? बैलं येका चालीनं जात्यात. पान्यातनं सुटताना नाडा कचकतो, तेवढाच. मंग धाव संपली की सोंदूर ताणतो, सोंड उघडती, आन् भसाकन् पानी." (धाव म्हणजे बैलांच्या येण्याजाण्याचा उतार, नाडा मोटेचा जाड दोर, सोंदूर तिच्या सोंडेचा बारीक दोर.)

मी म्हटलं, दाखवा. काका उठले. विहिरीवर गेलो, कुलूप उघडलं, आणि धावेच्या उरलेल्या उतारावर काका बैलांच्या चालीनं चालले, नाड्यावर बसल्यासारखं अंग मागं टाकून, तोंडानं हाकत. मी मोबाइलवर वेळ धरला. तीन फेऱ्या: १६, १७, १६ सेकंद. परतताना ते मागं मागं चालले. "बैलं उलटीच येत्यात, वळवत न्हाईत," हेही मला माहीत नव्हतं.

९.४ मीटर आणि १६ सेकंद, म्हणजे सेकंदाला जवळपास ६० सेंटिमीटर. हाच वेग मी पायऱ्यांसाठी क्लाउडकम्पेअरमध्ये अंदाजानं धरला होता. योगायोग, पण मजा वाटली.

रात्रीचं काम असं. ३० फ्रेमच्या हिशोबानं १६ सेकंद म्हणजे ४८० फ्रेम. झेडच्या रेषेत सुरुवातीची आणि शेवटची की ठेवली, बाकी सगळ्या काढल्या. दोन्ही निवडून टी दाबलं आणि रेषेचा प्रकार 'बेझिए' चा 'लिनियर' केला. बाकदार रेषा ताठ झाली, पट्टीनं आखल्यासारखी. बेझिए हे रेनो कंपनीतले अभियंते. गाडीच्या पत्र्याचा बाक आखायला त्यांनी ही वक्ररेषा वापरली. मोटारीच्या कारखान्यातली रेषा मी बैलांना लावली होती.

मग पाण्यातून सुटण्याचा कचका. पहिल्या ३० फ्रेमांत मोट अजून पाण्यात, तिथं वेग निम्मा. मग १० फ्रेम जागच्या जागी अडते आणि सुटते. वरच्या टोकाला पोचली की थांबत नाही. जागा आहे तिथंच, पण नजर १८ फ्रेमांत ३५ अंश पुढं कलते आणि थारोळं, त्याच्यापुढचा कोरडा पाट चौकटीत येतो. तिथं कट.

पाणी दाखवलेलं नाही. पाटात पाणी नाहीच आहे.

१६ मार्च, रविवार

सकाळी काकांनी तो शॉट तीनदा पाहिला. काही बोलले नाहीत. चौथ्यांदा लावायला सांगितलं आणि मोट सुटते त्या क्षणी त्यांच्या तोंडून हाकेचा आवाज निघाला. ताईनं लगेच मोबाइल काढून त्यांना पुन्हा हाकायला लावलं आणि रेकॉर्ड केलं. आवाजपट्टी म्हणून तेवढंच वापरायचं ठरलं, बाकी शांतता. तबला-सनईचा प्रस्ताव एका भावकीबंधूंकडून आला होता, तो नम्रपणे बाजूला ठेवला.

२२ मार्च, शनिवार

जोडणी पूर्ण. 'माणूस' ७८ सेकंद, 'मोट' २४, काठाचे दोन शॉट मिळून ३०, 'घार' १८. एकूण १५० सेकंद, ४,५०० फ्रेम.

'घार' ठेवायची की काढायची यावर दोन दिवस घातले. काकांच्या प्रश्नाला ती उत्तर देत नाही; घार कशाला बघेल विहीर? पण गावातल्या लोकांना विहीर कुठल्या शेताच्या कडेला आहे हे वरूनच ओळखू येतं. ती सुरुवातीला टाकली, १८ सेकंदांची सहा केली, स्थिर. सुटलेले १२ सेकंद माणसाच्या थांब्यांना वाटले. एकूण तेवढंच.

२५ मार्च, मंगळवार

रेंडर लावला, म्हणजे मॉडेलमधून फ्रेमांची पक्की चित्रं काढायला घेतली. ब्लेंडरच्या 'ईव्ही' या रेंडर इंजिनला एका फ्रेमला सहा सेकंद लागतात, ४,५०० फ्रेमना साडेसात तास. रात्री अकराला लावून झोपलो. पहाटे तीनला वीज गेली.

व्हिडिओ फाइल थेट काढत असतो तर सगळं गेलं असतं. मी प्रत्येक फ्रेम वेगळी पीएनजी म्हणून काढतो, म्हणून २,३८७ फ्रेम जागेवर होत्या. 'ओव्हरराइट' ची खूण काढून रेंडर पुन्हा लावला की असलेल्या फ्रेम तो ओलांडून जातो. एकच काळजी: शेवटची, वीज जाताना लिहिली जात असलेली फ्रेम. ती फाइल असते, पण अर्धवट. ती पुसली नाही तर ब्लेंडर तिलाही झालेली समजतो आणि फिल्ममध्ये तिथं काळा ठिपका लागतो. २,३८७ वी पुसली, मग पुढं.

२७ मार्च, गुरुवार

फ्रेमा जोडून एमपी४ केला. ताईच्या शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर आवाज आला, चित्र नाही. रंगांचा साठवण्याचा प्रकार नेहमीच्या ४:२:० वर आणून पुन्हा काढला, मग दिसलं. ही चाचणी पाडव्याच्या संध्याकाळी केली असती तर काय झालं असतं, याचा विचार करत नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

पंचांगवाचन लांबलं, साडेआठला पडदा लागला. मंडपातल्या ट्यूबलाइट बंद करायला सांगाव्या लागल्या, एकानं एक चालूच ठेवली, त्यामुळे कमानीतला अंधार कुणाला नीट दिसला नाही. एक्स्पोजरवर घातलेले दोन दिवस त्या एका नळीत गेले.

'माणूस' वळणावर आला तेव्हा मागून कुणीतरी "जपून" म्हणालं. हसले सगळे. मोट सुटली, काकांची हाक मंडपात घुमली, आणि पुढच्या रांगेतली दोन म्हातारी माणसं एकदम मागं रेलली, नाड्यावर बसल्यासारखी. काकांनाही ते दिसलं.

पोरांनी पुन्हा लावा म्हणून गलका केला. तिसऱ्या वेळी काका उठून माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "येकच मोट हाय. दुसरी कुठाय? येक वर येताना दुसरी खाली जाती."

बरोबर आहे. थारोळी दोन आहेत. 'मोट' कॅमेऱ्याची प्रत काढून समोरच्या थारोळ्याखाली ठेवायची, तिच्या की उलट्या क्रमानं. वर येणाऱ्या मोटेतून खाली जाणारी मोट मध्यावर, २४० व्या फ्रेमच्या आसपास, समोरून जाताना दिसायला हवी. तिच्यासाठी मोटेचं मॉडेल लागेल, चामड्याची. काका म्हणतात माळ्यावर एक आहे, उंदरांनी अर्धी खाल्लेली. उद्या सकाळी फोटो काढतो.